टू-स्ट्रोकला इंजेक्शन बसवलं, पण पाव थ्रॉटलचं मिसिंग पुन्हा पुन्हा येतं

तक्रार साधारण अशी असते. छोट्या टू-स्ट्रोकचा कार्ब्युरेटर काढून इंजेक्टर बसवला. एका किकमध्ये स्टार्ट, पूर्ण थ्रॉटलला झकास पळतं. पण थ्रॉटल जरासं उघडून एका वेगात चालवत राहिलं की फट्... फट्-फट्... फट् सुरू. प्लग काढून बघावा तर ओला आणि काळा. नवा प्लग घातला की दोन दिवस सुख, तिसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या.

मी या दुखण्यात चार महिने घालवले. इंजिन सुमारे १०० सीसीचं, एअर-कूल्ड, रीड व्हॉल्व्हचं (हवा आत येऊ देणारी, परत जाऊ न देणारी पाती), सिंगल सिलेंडर. इंजेक्टर थ्रॉटल बॉडी आणि रीड व्हॉल्व्हच्या मधे, पंप ३ बारचा, पेट्रोलमध्ये ऑइल ४० ला १. त्या चार महिन्यांत कॉइल बदलली, इंजेक्टर धुऊन आणला, पंप बदलला, अर्थिंग नव्याने ओढलं. आणि गंमत म्हणजे प्रत्येक उपायाने गाडी सुधारली! कारण प्रत्येक वेळी काम झाल्यावर मी नवा प्लग घालत होतो आणि जुना, जपून ठेवलेला मॅप (कुठल्या थ्रॉटलला आणि आरपीएमला किती पेट्रोल सोडायचं याचा तक्ता) परत चढवत होतो. बरं वाटायचं ते या दोन गोष्टींमुळे, श्रेय जायचं कॉइलला.

उत्तर आधीच सांगून टाकतो. एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर लावून ईसीयूला, म्हणजे इंजेक्शन चालवणाऱ्या छोट्या संगणकाला, स्वतः मॅप सुधारायला मोकळं सोडलं असेल, तर कमी थ्रॉटलच्या भागात ते करेक्शन बंद करा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा प्रकार तिथे चालू असतो.

सेन्सर तिथे का फसतो

फोर-स्ट्रोकमध्ये पिस्टन जळलेला गॅस स्वतः ढकलून बाहेर काढतो आणि मग नवी हवा ओढतो. टू-स्ट्रोकमध्ये ही दोन्ही कामं एकाच वेळी होतात. खालच्या क्रँककेसमधून सिलेंडरमध्ये येणाऱ्या वाटेने, म्हणजे ट्रान्सफर पोर्टमधून, आलेलं ताजं मिक्श्चर जुन्या गॅसला ढकलतं. थ्रॉटल पूर्ण उघडं असेल तर ढकलायला भरपूर मिक्श्चर असतं, त्यातलं काही थेट एक्झॉस्टमधून निसटतंही. थ्रॉटल पाव उघडं असेल तर मिक्श्चर इतकं थोडं येतं की सिलेंडरमध्ये जुनाच गॅस जास्त उरतो. त्यात ठिणगी पडते, पण ज्योत धरत नाही. ती फेरी वाया जाते. पुढच्या फेरीला आणखी थोडं ताजं मिक्श्चर येऊन मिसळतं आणि मग फट् होतं. एकाआड एक फेरी जळते, कधी तीन सोडून चौथी. याला मेकॅनिक लोक ‘फोर-स्ट्रोकिंग’ म्हणतात.

आता न जळलेली ती फेरी एक्झॉस्टमध्ये जाते. तिच्यातला ऑक्सिजन तसाच असतो, पेट्रोलही तसंच असतं. सेन्सरला ऑक्सिजन नीट दिसतो, पण कच्चं पेट्रोल त्याच्या पृष्ठभागावर पुरतं जळत नाही, म्हणून ते हिशेबात पूर्ण धरलं जात नाही. सेन्सरचं मीटर म्हणतं, मिक्श्चर लीन आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. ईसीयू पेट्रोल वाढवतो. वाढलेल्या पेट्रोलने प्लग ओला होतो, आणखी फेऱ्या चुकतात, आणखी ऑक्सिजन बाहेर पडतो, मीटर आणखी लीन दाखवतं. नवा प्लग हे चक्र थोडा वेळ थांबवतो, कारण स्वच्छ प्लग रिच, म्हणजे जास्त पेट्रोलचं, मिक्श्चरही पेटवून घेतो. दोन दिवसांनी तो काळा होतो आणि चक्र परत फिरायला लागतं. समस्या पुन्हा पुन्हा येते ती यामुळे.

मला हे ज्या दिवशी पटलं तो दिवस सांगतो. इंजिन बाकावर बांधलेलं, वेग ४००० आरपीएम, थ्रॉटल १२ टक्के. मीटरवर हवा-पेट्रोल प्रमाण १६.४, म्हणजे चांगलंच लीन. ऑटो-करेक्शनने मॅपच्या त्या घरात (त्या थ्रॉटल-आरपीएमच्या चौकटीत) आधीच १८ टक्के पेट्रोल वाढवून ठेवलं होतं. करेक्शन बंद केलं आणि हाताने ४-४ टक्के कमी करत गेलो. मीटर लीन दाखवत असताना पेट्रोल कमी करायला हात धजत नव्हता, खरं सांगतो. १६.४ चं १६.१ झालं. मग १५.८. म्हणजे पेट्रोल कमी करतोय आणि मीटर रिचकडे सरकतंय! चौथ्या पायरीला आवाज एकदम बदलला. फट्-फट् जाऊन सलग गुणगुण सुरू झाली आणि आकडा १४.१ वर आला. तिथून पुढे कमी केलं तेव्हा मात्र मीटर शहाण्यासारखं वागलं: १४.६, मग १५.२, आणि १५.५ च्या आसपास थ्रॉटलला उचल राहिली नाही, इंजिन ढेपाळायला लागलं.

म्हणजे १५.५ हा आकडा दोन ठिकाणी मिळतो. एकदा खरोखर लीन असताना आणि एकदा भयंकर रिच असताना. नुसता आकडा बघून तुम्ही कुठल्या बाजूला आहात ते कळत नाही, आवाज ऐकावा लागतो. चाचणी सोपी आहे: त्या घरातलं पेट्रोल ५ टक्के कमी करा. इंजिन सुधारलं तर तुम्ही रिच बाजूला होता, मीटर काहीही म्हणो.

पूर्ण थ्रॉटलला ही भानगड फारशी नसते. फेऱ्या चुकत नसल्या की सेन्सर बऱ्यापैकी खरं बोलतो. तरी तिथेही मी प्लगच्या वायसरखाली तापमानाचा सेन्सर लावतो आणि त्याच्यावर जास्त विश्वास ठेवतो. पिस्टन वितळतो तो तापमानाने.

मॅपला हात लावण्याआधी

वरचं वाचून लगेच लॅपटॉप उघडू नका. खालच्या गोष्टी तपासल्याशिवाय मॅप बदलणं म्हणजे वाकड्या पट्टीने रेघ मारणं.

पहिली हवेची गळती. क्रँकच्या दोन्ही बाजूंची ऑइल सील, सिलेंडरखालचं गॅस्केट, रीड व्हॉल्व्हचं बूड. इनटेक आणि एक्झॉस्ट बुजवून आत ०.४ बारच्या आसपास दाब द्या आणि काटा बघत बसा. काही मिनिटांत दाब उतरत असेल तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा. मॅग्नेटोच्या (क्रँकवर फिरून वीज बनवणाऱ्या भागाच्या) बाजूचं सील गेलं तर ते हवा ओढतं, मिक्श्चर लीन होतं आणि थ्रॉटल सोडल्यावर आरपीएम लवकर खाली येत नाही. गिअरच्या बाजूचं गेलं तर गिअर ऑइल ओढलं जातं आणि धूर वाढतो. गळक्या इंजिनावर बसवलेला मॅप सील बदलताच फुकट जातो.

दुसरं व्होल्टेज, आणि इथे थोडं थांबायला हवं. इंजेक्टरला करंट दिला की तो लगेच उघडत नाही, साधारण एक मिलिसेकंद त्यात जातो. व्होल्टेज पडलं की हा वेळ वाढतो. माझ्या इंजेक्टरचा प्रवाह मिनिटाला १३० सीसी आहे. आयडलिंगला एका फेरीला सुमारे २.३ मिलिग्रॅम पेट्रोल लागतं, म्हणजे इंजेक्टर प्रत्यक्ष उघडा राहतो जेमतेम १.४ मिलिसेकंद. छोट्या मॅग्नेटोवर हेडलाइट आणि पंप दोन्ही चालू असताना आयडलिंगला व्होल्टेज ११ च्या आसपास उतरतं. तेवढ्याने उघडायचा वेळ ०.३ मिलिसेकंदाने वाढला, तर १.४ मधले ०.३ गेले. पेट्रोल पाचव्या हिश्शाने कमी! तीच घट पूर्ण थ्रॉटलला, जिथे इंजेक्टर पावणेपाच मिलिसेकंद उघडा असतो, सहा टक्क्यांची, कळतसुद्धा नाही. म्हणून ‘वर चांगलं, खाली खराब’ ही तक्रार व्होल्टेजमुळेही येते. तपासायला इंजिन आयडलिंगवर ठेवून हेडलाइट चालू-बंद करा. आवाज बदलला तर ईसीयूमधला व्होल्टेज करेक्शनचा तक्ता चुकीचा आहे किंवा रिकामाच आहे.

याच हिशेबात मोठ्या इंजेक्टरचा मोह का नको तेही आलं. कारचा मिनिटाला २५० सीसीचा इंजेक्टर लावला तर आयडलिंगला उघडा राहणार पाऊण मिलिसेकंद. इतक्या छोट्या वेळात कुठलाही साधा इंजेक्टर दोनदा सारखं पेट्रोल देत नाही. उलट बाजूने, ८००० आरपीएमला टू-स्ट्रोकची एक फेरी फक्त साडेसात मिलिसेकंदांची असते, फोर-स्ट्रोकच्या बरोबर निम्मी. त्यामुळे फार लहानही चालत नाही. १०० सीसीला १२०-१३० हे माप दोन्ही टोकं सांभाळतं.

तिसरं, थ्रॉटल पोझिशन सेन्सरचा शून्य. छोट्या टू-स्ट्रोकमध्ये इनटेकचा दाब इतका थडथडतो की तो दाब मोजणाऱ्या सेन्सरवर भार ओळखणं अवघड जातं, म्हणून बहुतेक जण थ्रॉटलचा कोन आणि आरपीएम यांवरच पेट्रोल ठरवतात. मीही तेच करतो. पण थ्रॉटल ५ टक्के उघडं असताना १ टक्क्याची चूक म्हणजे हवेच्या अंदाजात फार मोठी चूक. आयडलिंगचा स्क्रू अर्धा फेरा फिरवला आणि सेन्सरचा शून्य पुन्हा बसवायचा विसरलो, असं माझ्याकडून दोनदा झालंय. सगळा खालचा मॅप एका घराने सरकतो आणि आपण भलतीकडेच शोधत बसतो.

क्रँकचा कोन सांगणाऱ्या क्रँक सेन्सरचं थोडक्यात: ईसीयूच्या लॉगमध्ये सिंक तुटल्याची, म्हणजे तो कोन हातून निसटल्याची, नोंद शून्य असायला हवी. एकदाही तुटत असेल तर आधी ते निस्तरा. रेझिस्टर असलेली प्लग कॅप आणि सेन्सरला शील्ड असलेली वायर बहुतेक वेळा पुरते. सिंगल सिलेंडर टू-स्ट्रोक एका फेऱ्यातसुद्धा वेग बदलतं, त्यामुळे फ्लायव्हीलवर एकच खूण असण्यापेक्षा १२ किंवा २४ दात आणि त्यातला एक गाळलेला, ही चकती बरी. कॅमचा सिग्नल लागत नाही, कारण इथे प्रत्येक फेरा म्हणजे एक पूर्ण चक्र. टू-स्ट्रोकने दिलेली ही एकमेव सवलत म्हणायची.

खाली साठलेलं पेट्रोल

मिसिंगचा आणखी एक प्रकार वरच्यासारखाच दिसतो पण वेगळा आहे. बराच वेळ आयडलिंग केलं, आणि मग थ्रॉटल उघडलं की इंजिन गुदमरतं, भरपूर धूर सोडतं आणि मग मोकळं होतं. इंजेक्टर रीड व्हॉल्व्हच्या आधी असेल तर पेट्रोल क्रँककेसच्या भिंतींवर ओलं बसतं, आयडलिंगला हवा संथ असल्यामुळे उडून जात नाही आणि तळाशी डबकं साचतं. थ्रॉटल उघडलं की ते सगळं एकदम वर. थ्रॉटल उघडल्यावर लागणाऱ्या घराचा यात दोष नसतो, आयडलिंगचं घर रिच असतं.

इंजेक्शन कुठल्या कोनाला संपवायचं ते ३०-३० अंशांनी सरकवून पाहिलं. पिस्टन वर जाताना रीड उघडते, त्या वेळी फवारा पडला तर डबकं कमी साचतं. फरक आयडलिंगला स्पष्ट जाणवला, ५००० च्या वर काहीच नाही. स्टार्ट न झालेल्या गाडीला दहा-बारा किका मारल्या असतील तर प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून, इंजेक्टरची वायर सुटी करून इंजिन फिरवून घ्या. नाहीतर नवा प्लगही पहिल्या ठिणगीआधीच ओला होतो.

एक सेटिंग जे इंजिन खातं

बहुतेक ईसीयूंचा तयार मॅप फोर-स्ट्रोकसाठी लिहिलेला असतो. त्यात उतारावर थ्रॉटल सोडलं की पेट्रोल पूर्ण बंद करायची सोय चालू असते. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेल्या टू-स्ट्रोकला पेट्रोल बंद म्हणजे ऑइलही बंद. माझा पहिला पिस्टन असाच गेला. लांब उतार, थ्रॉटल बंद, आरपीएम साडेपाच हजार, आणि अचानक मागचं चाक आवळल्यासारखं झालं. क्लच दाबला म्हणून पडलो नाही. बोअर उघडला तर एक्झॉस्टच्या बाजूला पिस्टनवर उभे ओरखडे. मिसिंग शोधताना हे सेटिंग कुणी ‘उतारावरचं फटफट जाईल’ म्हणून सुचवलं तर ऐकू नका. ऑइलचा पंप वेगळा असेल तरच विचार करा.

जागा बदलून प्रश्न सुटतो का

अर्धा सुटतो. फवारा कुठे मारायचा याचे तीन-चार मार्ग आहेत आणि प्रत्येकाचं गाडं वेगळ्या ठिकाणी अडतं.

थ्रॉटल बॉडीत किंवा क्रँककेसमध्ये मारला तर वंगणाची चिंता नाही, साधा कमी दाबाचा इंजेक्टर चालतो, पण पेट्रोल मिसळलेलंच वर जातं आणि काही निसटतंच. श्टीलच्या एमएस ५००आय या चेनसॉमध्ये क्रँककेसमध्ये इंजेक्शन आहे आणि तेही बॅटरीशिवाय. दोरी ओढल्यावर फ्लायव्हीलवरच्या जनरेटरमधून वीज मिळते. छोट्या इंजिनाला हे जमतं याचा एवढा पुरावा मला पुरतो.

ट्रान्सफर पोर्टमध्ये मारला तर निसटणं कमी होतं, कारण आधी नुसती हवा जाऊ देऊन मग पेट्रोल सोडता येतं. केटीएमने २०१८ च्या एन्ड्युरो मॉडेलांवर हे आणलं. पण मग क्रँककेसला पेट्रोलमधलं ऑइल मिळत नाही, त्यामुळे ऑइलचा वेगळा पंप आला. २०२४ च्या मॉडेलांवर त्यांनी फवारा पुन्हा थ्रॉटल बॉडीत नेला. घरी करणाऱ्याने यातून काय घ्यायचं ते घ्यावं. मी तरी सिलेंडरला भोकं पाडायचा बेत त्यानंतर सोडून दिला.

थेट सिलेंडरमध्ये मारणं हा खरा इलाज, आणि तो जुनाही आहे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत गुटब्रोड आणि गोलियाथ या छोट्या टू-स्ट्रोक कारना बॉशचं यांत्रिक डायरेक्ट इंजेक्शन होतं. एक्झॉस्ट पोर्ट बंद झाल्यावर पेट्रोल सोडायचं, म्हणजे निसटायला वाटच नाही. शिवाय कमी भाराला प्लगभोवतीच मिक्श्चर ठेवता येतं, त्यामुळे फोर-स्ट्रोकिंगही जातं. अडचण वेळेची. एक्झॉस्ट पोर्ट वरच्या टोकाच्या सुमारे ९५ अंश आधी बंद होतं, ठिणगी २० अंश आधी पडते. मधले ७५ अंश म्हणजे ८००० आरपीएमला जेमतेम दीड मिलिसेकंद. तेवढ्यात पेट्रोल सोडायचं आणि त्याची वाफही व्हायला हवी. ३ बारचा साधा इंजेक्टर इथे कामाचा नाही. ऑर्बिटल या कंपनीने दाबलेल्या हवेने पेट्रोल फोडलं, एव्हिनरूडच्या ई-टेक या बोटींच्या इंजिनाने इंजेक्टरमध्येच जोरदार धक्का दिला. घरच्या बाकावर दोन्ही जमण्यातलं नाही. आणि इथे ऑक्सिजन सेन्सर आणखी फसतो, कारण निसटणारी हवा कोरी असते. सिलेंडरमध्ये काहीही असलं तरी मीटर लीनच दाखवणार.

या भागात कारखानेही चुकलेत, त्यामुळे स्वतःला फार दोष देऊ नका. बिमोटा या इटालियन कंपनीची ५०० सीसीची मोटरसायकल व्ही-ड्यू १९९७ मध्ये इंजेक्शनसह आली, ताकद कधी कशी येईल याचा भरवसा नाही म्हणून कंपनीला गाड्या परत घ्याव्या लागल्या आणि पुढची आवृत्ती कार्ब्युरेटरवर निघाली. होंडाने वेगळी वाट धरली: एक्झॉस्टमध्ये व्हॉल्व्ह बसवून उरलेल्या गरम गॅसचाच उपयोग केला, म्हणजे कमी भाराला मिक्श्चर आपोआप पेटेल. त्यांची ईएक्सपी-२ ही ४०० सीसीची गाडी १९९५ च्या ग्रॅनडा-डकार रॅलीत पाचवी आली आणि १९९७ मध्ये तेच तंत्र सीआरएम २५० एआरमध्ये विक्रीला आलं. म्हणजे पाव थ्रॉटलचं फट्-फट् हा मुळात जुन्या गॅसचा प्रश्न आहे, पेट्रोलच्या मापाचा नंतरचा.

माझ्या इंजिनावर शेवटी काय राहिलं

१५ टक्के थ्रॉटलच्या खाली ऑटो-करेक्शन कायमचं बंद. ती घरं कानाने बसवली: सलग गुणगुण सुरू होते तिथून आणखी एक पायरी कमी, बस्स. त्याच भागात ठिणगी ६ अंश लवकर केली, कारण जुन्या गॅसने पातळ झालेलं मिक्श्चर सावकाश जळतं. याने जेवढा फरक पडला तेवढा मॅपच्या बाकी कुठल्याच खटपटीने पडला नाही. पुढे आलेल्या टोकाचा प्लग लावला. आयडलिंग १३०० वरून १६०० वर नेलं. मॅप बसवताना ऑक्सिजन सेन्सर एक्झॉस्टमध्ये असतो, पण त्याच्यावर पुरता विश्वास ठेवतो ते अर्ध्या थ्रॉटलच्या वर. ऑइलच्या धुराने तोही फार दिवस टिकत नाही, म्हणून रोजच्या वापरात काढून तिथे बूच मारतो.

उतारावर थ्रॉटल पूर्ण सोडलं की अजूनही फट्... फट् येतं. तिथे ताजं मिक्श्चर इतकं थोडं असतं की कुठल्याही मॅपने ते जाणार नाही, मी नाद सोडलाय. प्लग गेल्या सप्टेंबरपासून तोच आहे, टोकाला चॉकलेटी.